एका शहराला एकच बिशप: फादर, बिशप आणि धर्मप्रांत समजून घेताना

पेपरात अधूनमधून बातमी येते: अमुक धर्मप्रांताच्या बिशपपदी तमुक फादरांची नेमणूक. सोबत जांभळी टोपी घातलेल्या माणसाचा फोटो. ख्रिस्ती नसलेल्या वाचकाला त्यातून फारसं काही कळत नाही. आमच्या वसईकडच्या ख्रिस्ती घरांतही ‘आर्चबिशप मोठा की कार्डिनल’ यावर जेवताना वाद रंगतात. डीकन, फादर, बिशप, आर्चबिशप, कार्डिनल, पोप अशी सरकारी खात्यासारखी बढतीची शिडी असणार, असं बहुतेकांनी गृहीत धरलेलं असतं.

कॅथलिक चर्चमध्ये दीक्षेचे टप्पे तीनच आहेत: डीकन, धर्मगुरू म्हणजे आपले फादर, आणि बिशप. बिशपच्या पुढे चौथी दीक्षा नाही. आर्चबिशप हाही बिशपच असतो, फक्त त्याच्याकडे मोठ्या जागेची जबाबदारी असते. पोप म्हणजे रोम शहराचा बिशप. इतर बिशपांवर त्याचा अधिकार चालतो तो रोमच्या गादीमुळे, वेगळ्या कुठल्या दीक्षेमुळे नव्हे. कार्डिनल ही तर दीक्षाच नाही. त्याचा मान मोठा आणि काम एक ठरावीक, त्याविषयी पुढे येईलच.

हे तीन टप्पे बायबलमध्ये जसेच्या तसे सापडतात का? सापडतात, पण बरेच विस्कळीत. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा विसावा अध्याय काढा. पौल जेरुसलेमला निघाला आहे. वाटेत मिलेत बंदरात थांबून तो इफिस शहरात निरोप पाठवतो आणि तिथल्या मंडळीच्या ‘वडिलांना’ बोलावून घेतो. ते येतात. परत भेट होणार नाही हे त्याला ठाऊक आहे, त्यामुळे तो मन मोकळं करून बोलतो. बोलता बोलता, अकरा ओव्यांनंतर, त्याच माणसांना म्हणतो की पवित्र आत्म्याने तुम्हांला कळपावर ‘अध्यक्ष’ नेमलं आहे. मराठी बायबलात हे दोन्ही शब्द असेच आहेत. पुढच्या काळात ‘अध्यक्ष’ म्हणजे बिशप ठरला आणि ‘वडील’ म्हणजे धर्मगुरू. मिलेतच्या किनाऱ्यावर मात्र ती एकच माणसं होती. एका शहरात असे अनेक होते, आणि त्यांच्यात वरचा-खालचा कोण याचा उल्लेखही नाही.

फिलिप्पैकरांस पत्राच्या पहिल्याच ओवीत पौल ‘अध्यक्ष व सेवक’ यांना नमस्कार कळवतो. यातला सेवक म्हणजे पुढचा डीकन. जेरुसलेमच्या मंडळीत विधवांना रोजचं अन्न वाटताना काहींवर अन्याय होतो अशी कुरकुर सुरू झाली, म्हणून सात जण निवडले गेले, ही कृत्येच्या सहाव्या अध्यायातली गोष्ट. डीकनपदाची सुरुवात परंपरा तिथेच मानते. रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात किंख्रिया बंदरातल्या मंडळीची ‘सेविका’ म्हणून फिबी नावाची बाई येते. स्त्रिया डीकन होऊ शकतात का, हा वाद आज कॅथलिक चर्चमध्ये चालू आहे. त्यात या फिबीचं नाव हमखास निघतं, आणि निघायलाच हवं.

मग एका शहराला एकच बिशप हे कधी ठरलं? याचा सगळ्यात जुना ठसठशीत पुरावा सिरियातल्या अंत्युखिया शहराचा बिशप इग्नाती याच्या पत्रांत आहे. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला त्याला कैद करून रोमकडे नेत होते आणि वाटेत तो गावोगावच्या मंडळ्यांना पत्रं लिहीत होता. जवळजवळ प्रत्येक पत्रात एकच आग्रह: बिशपला सोडून काही करू नका. बिशप एक, त्याच्या भोवती वडीलमंडळ, त्यांच्या जोडीला डीकन. कुणी इतक्या कळकळीने बजावतो याचा अर्थ सगळीकडे तसं चालत नसणार, असं मला वाटतं. पण त्या शतकाच्या अखेरीपर्यंत बहुतेक ठिकाणी ही पद्धत रुळली होती.

इ.स. 325 मध्ये निकेया इथे बिशपांची मोठी परिषद भरली. ख्रिस्त देव आहे की नाही या वादासाठी ती प्रसिद्ध आहे, पण तिथे कारभाराचे वीस नियमही झाले. चौथा नियम सांगतो की नवा बिशप नेमताना प्रांतातल्या किमान तीन बिशपांनी त्याच्यावर हात ठेवावेत. आजही बिशपच्या दीक्षाविधीत मुख्य तीन बिशप असतात ते त्यामुळेच. पंधरावा नियम: बिशपने, धर्मगुरूने किंवा डीकनने एक शहर सोडून दुसऱ्या शहरात जाऊ नये. हा पुढे फार पाळला गेला नाही. आणि आठवा नियम, ज्यासाठी मी हा सगळा पसारा मांडला. फुटून निघालेल्या एका गटाचे बिशप परत येत होते, त्यांचं काय करायचं हा प्रश्न होता. उत्तर असं की त्यांना सामावून घ्या, पण एका शहरात दोन बिशप होऊ देऊ नका.

‘डायोसिस’ हा शब्द मूळचा चर्चचा नाहीच. इ.स. 300च्या आसपास डायोक्लेशियन या रोमन सम्राटाने साम्राज्याची फेरमांडणी केली. अनेक प्रांत एकत्र करून बारा मोठे विभाग पाडले, त्यांना हे नाव होतं. ख्रिस्ती लोकांचा सर्वांत कडवा छळ ज्याच्या कारकिर्दीत झाला, त्याच्याच महसुली व्यवस्थेचा शब्द चर्चने उचलला. सुरुवातीला बिशपच्या हद्दीला ‘पॅरिश’ म्हणत. पुढे बिशपची हद्द ‘डायोसिस’ झाली आणि ‘पॅरिश’ हा शब्द एका चर्चच्या वस्तीपुरता उरला. मराठी कॅथलिकांच्या तोंडी ‘धर्मप्रांत’ आणि ‘धर्मग्राम’ हे शब्द आता चांगलेच बसले आहेत.

धर्मप्रांताला जिल्हा आणि बिशपला कलेक्टर समजण्याची सोय मोहात पाडते, पण ती फसवी आहे. कलेक्टर सरकारचा नोकर. बिशप पोपचा नोकर नसतो. पोप त्याची नेमणूक करतो, पण एकदा नेमल्यावर तो स्वतःच्या अधिकारात तिथला मेंढपाळ असतो. त्या हद्दीतली मिस्सा म्हणजे मुख्य उपासना, संस्कार, शिकवण, धर्मगुरूंच्या बदल्या, जमीनजुमला, सगळ्याची जबाबदारी शेवटी त्याच्यावर येते. गावच्या चर्चमधले फादर जे करतात ते त्याच्या वतीने.

हे नातं डोळ्यांनी पाहायचं असेल तर पवित्र सप्ताहात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, कॅथेड्रलला म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चला जा. पवित्र गुरुवारी किंवा सोयीने त्याआधीच्या एखाद्या दिवशी, धर्मप्रांतातले सगळे धर्मगुरू एकत्र येतात. वेदीजवळ तेलाची तीन भांडी असतात: एक आजाऱ्यांसाठी, एक बाप्तिस्मा घेणाऱ्यांसाठी आणि तिसरं सुगंधी द्रव्य मिसळलेलं अभिषेकाचं. बिशप त्या तेलांवर प्रार्थना म्हणतो आणि तिसऱ्या भांड्यावर वाकून फुंकर घालतो. मग छोट्या बाटल्यांतून ते तेल एकेका चर्चमध्ये जातं. वर्षभर त्या गावात जे मूल बाप्तिस्म्याला आणलं जाईल त्याच्या टाळूला तेच तेल लागतं. त्याच विधीत सगळे धर्मगुरू बिशपसमोर आपल्या दीक्षेच्या वचनांची उजळणी करतात. मला वर्षातला सगळ्यात अर्थपूर्ण विधी हाच वाटतो, आणि गर्दी मात्र नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला असते.

फादरांतही दोन प्रकार आहेत. धर्मप्रांतीय धर्मगुरू एका बिशपशी बांधलेला असतो. तो ब्रह्मचर्य आणि आज्ञापालनाचं वचन देतो, पण गरिबीचं व्रत घेत नाही, त्याच्या नावावर बँकेत खातं असू शकतं. जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादच्या 93व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे असे वसई धर्मप्रांताचे धर्मगुरू होते. दुसरे धर्मसंघातले: जेजुइट, फ्रान्सिस्कन, सलेशियन वगैरे. त्यांना गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रतं असतात आणि त्यांचा वरिष्ठ संघाचा प्रमुख असतो. पण त्यांनाही एखाद्या धर्मग्रामात काम करायचं तर तिथल्या बिशपचा परवाना लागतो.

आता निकेयाचा तो आठवा नियम आपल्या दारात कसा मोडला ते पाहू. ही गोष्ट मुंबईची आहे आणि ती पोर्तुगालच्या राजापासून सुरू होते.

पंधराव्या-सोळाव्या शतकांतल्या पोपांनी पोर्तुगालच्या राजाशी एक व्यवहार केला होता. समुद्रापलीकडच्या मुलखात मिशनरी पाठवायचे, चर्चं बांधायची, धर्मगुरूंचा खर्च उचलायचा हे राजाने करायचं, आणि बदल्यात तिथले बिशप सुचवण्याचा हक्क राजाचा. याला ‘पाद्रोआदो’ म्हणतात. 1534 साली गोवा हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि पुढच्या पंचवीस वर्षांच्या आत महाधर्मप्रांत, म्हणजे आर्चबिशपचा धर्मप्रांत. कागदावर त्याची हद्द आफ्रिकेच्या दक्षिण टोकापासून चीन-जपानपर्यंत होती. त्याच 1534 मध्ये वसई पोर्तुगीजांकडे आली. त्यामुळे वसई, साष्टी, मुंबई या पट्ट्यातले ख्रिस्ती गोव्याच्या गादीखाली गेले.

शंभर वर्षांत रोमला या व्यवहाराचा पश्चात्ताप होऊ लागला. पोर्तुगालकडे पुरेशी माणसं नव्हती, पैसाही आटत चालला होता, पण हक्क सोडायला राजा तयार नव्हता. म्हणून 1622 मध्ये पंधराव्या ग्रेगरी पोपांनी मिशनकार्यासाठी रोममध्येच एक खातं उघडलं, ‘प्रोपगंडा फिदे’. जिथे पोर्तुगीजांची सत्ता नाही तिथे हे खातं स्वतःचे बिशप पाठवू लागलं. राजाचा हक्क उघडपणे मोडू नये म्हणून एक युक्ती केली. नवा धर्मप्रांत स्थापायचाच नाही. माणसाला बिशपची दीक्षा द्यायची ती एखाद्या केव्हाच लोपलेल्या शहराच्या नावाने, आणि प्रत्यक्षात पोपचा प्रतिनिधी म्हणून हिंदुस्थानात धाडायचं. त्या पदाला ‘व्हिकार अपोस्तोलिक’ म्हणत.

त्यातला पहिलाच माणूस आपल्याकडचा होता. गोव्यात दिवाडी बेटावर ब्राह्मण घराण्यात जन्मलेला मातेउश द कास्त्रो. गोव्याच्या आर्चबिशपने त्याला धर्मगुरू करायला नकार दिला. हा गडी थेट रोमला पोचला, तिथे शिकला, धर्मगुरू झाला आणि 1637 मध्ये बिशप. त्याला आदिलशाही मुलखाचा व्हिकार अपोस्तोलिक नेमलं. त्याने ठाण मांडलं डिचोलीत, म्हणजे तेव्हाच्या पोर्तुगीज हद्दीला लागून. गोव्याचे वरिष्ठ आणि तो यांच्यात उरलेलं आयुष्य भांडणात गेलं. तो 1677 मध्ये रोममध्येच वारला. भारतातला पहिला देशी लॅटिन, म्हणजे रोमच्या उपासनापद्धतीचा, बिशप म्हणून त्याचं नाव मराठी वाचकाला माहीत असायला हवं, पण ते कुठल्याच पाठ्यपुस्तकात भेटत नाही याचं मला वाईट वाटतं.

मुंबई बेट इंग्रजांकडे गेलं ते पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नातून. 1661च्या करारात कॅथलिकांना धर्मस्वातंत्र्याचं आश्वासन होतं. पण बेटावरचे फ्रान्सिस्कन पाद्री पोर्तुगीज राजाशी निष्ठा ठेवून आहेत, हे ईस्ट इंडिया कंपनीच्या डोळ्यांत सलत होतं. 1720 मध्ये गव्हर्नर चार्ल्स बून याने त्यांना बेटाबाहेर काढलं आणि प्रोपगंडाच्या, कार्मेलाइट धर्मसंघातल्या व्हिकाराला बोलावलं. इकडे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. युरोपीय मिशनरी निघून गेले आणि गावोगावची चर्चं देशी धर्मगुरूंनी सांभाळली. वसईतला विश्वास टिकला तो या माणसांमुळे, आणि त्यातल्या बहुतेकांची नावंही आज कुणाला ठाऊक नाहीत.

मुंबईत मात्र गोव्याच्या बाजूचे लोक गप्प बसले नाहीत. त्यांनी कंपनीकडे अर्जांमागून अर्ज केले. कंपनीने 1789 मध्ये चर्चं गोव्याला परत दिली, दोन वर्षांत पुन्हा काढून घेतली, आणि शेवटी 1794 मध्ये दोघांत वाटून टाकली. दादरचं पोर्तुगीज चर्च गोव्याकडे, माहीमचं सेंट मायकल प्रोपगंडाकडे. एका शहरात, एकाच धर्माचे, एकाच पोपला मानणारे दोन अधिकारी! ‘दुहेरी अधिकार’ असं या काळाचं नावच पडलं.

1838 मध्ये सोळाव्या ग्रेगरी पोपांनी पाद्रोआदोचा ब्रिटिश मुलखातला बराच अधिकार काढून घेतला. गोव्याच्या बाजूने तो हुकूम मानलाच नाही. पोपची सही खरी की आपल्याला फसवताहेत, असं विचारणारेही होते. याची झळ साध्या माणसाला बसत होती. आपलं लग्न ज्या फादरांनी लावलं त्यांना तो अधिकार होता का? पापनिवेदन ज्यांच्यासमोर केलं ते बंडखोर तर नव्हते? शेजारच्या आळीतला कोळी दुसऱ्या बिशपचा, मग त्याच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला उभं राहायचं की नाही? ज्या माणसाला लिहिता-वाचता येत नाही त्याने लिस्बन आणि रोममधला तंटा कसा सोडवायचा!

1853 मध्ये माहीममध्ये हे भांडण हातघाईवर आलं. सेंट मायकलच्या लोकांना गोव्याकडे जायचं होतं. प्रोपगंडाचे बिशप अनास्तासिउस हार्टमन, मूळचे स्विस, कॅपुचिन धर्मसंघातले, चर्चमध्ये शिरले आणि आतून दारं लावून बसले. मरेन पण चर्च सोडणार नाही असा त्यांचा पवित्रा. बाहेर लोकांचा वेढा. अखेर सरकारी अधिकाऱ्यांना मध्ये पडून चर्च उघडावं लागलं. हार्टमन हे काही भांडखोर गृहस्थ नव्हते. मुंबईचं कॅथलिक साप्ताहिक त्यांनीच 1850 मध्ये सुरू केलं होतं, तेही याच वादात आपली बाजू मांडायला. चांगली माणसं दोन्हीकडे होती. व्यवस्थाच अशी होती की चांगल्या माणसांनी दारं लावून बसावं.

1886 मध्ये तेराव्या लिओ पोपांनी पोर्तुगालशी नवा करार केला आणि भारतात रीतसर धर्मप्रांतांची रचना जाहीर केली. मुंबई महाधर्मप्रांत झाला, पुण्याला धर्मप्रांत मिळाला. तंटा मात्र तिथेही संपला नाही. गोव्याकडची चर्चं दमण नावाच्या नव्या धर्मप्रांताला जोडली गेली, आणि त्याच्या बिशपला केरळातल्या क्रांगानोर या लोपलेल्या गादीच्या आर्चबिशपचा मान दिला. गोव्याच्या आर्चबिशपला ‘पूर्वेकडील देशांचे पॅट्रिआर्क’ ही पदवी मिळाली. ती आजही आहे, पण फक्त मानाची. मुंबईत दोन बिशपांची चर्चं पूर्वीसारखीच शेजारी-शेजारी राहिली, आता नकाशासह.

शेवटी 1928 मध्ये दमणची मुंबईकडची चर्चं मुंबईच्या धर्मप्रांतात विलीन झाली. अट अशी की मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश असावा. भारतीयाचं नाव त्या पाळीत नव्हतंच! पहिले आले जोआकिम लिमा, पोर्तुगीज. नंतर थॉमस रॉबर्ट्स, इंग्रज. रॉबर्ट्स यांनी जे केलं त्याबद्दल मला त्यांच्याविषयी मनापासून आदर आहे. 1946 मध्ये त्यांनी व्हॅलेरियन ग्रेशस या भारतीय धर्मगुरूंना सहायक बिशप करून घेतलं आणि स्वतः भारताबाहेर निघून गेले, म्हणजे कारभार ग्रेशस यांच्या हाती यावा. 1950 मध्ये पोर्तुगालने मुंबईवरचा हक्क सोडला, रॉबर्ट्स यांनी राजीनामा दिला आणि ग्रेशस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. 1953 मध्ये ते भारताचे पहिले कार्डिनलही झाले.

त्यानंतर नकाशा सुटसुटीत होत गेला. 1987 मध्ये नाशिक, 1998 मध्ये मुंबईतून वसई वेगळी, थॉमस डाबरे तिचे पहिले बिशप, पापडीचं चर्च कॅथेड्रल. 2005 मध्ये पुण्यातून सिंधुदुर्ग. हा सिंधुदुर्ग महाराष्ट्रात असूनही गोव्याच्या आर्चबिशपच्या प्रांतात, म्हणजे त्याच्या भोवतीच्या धर्मप्रांतांच्या गटात मोडतो, मुंबईच्या नाही. आर्चबिशप शेजारच्या बिशपांचा साहेब नसतो, प्रांताच्या बैठकांचा तो प्रमुख असतो, इतकंच.

आणि हो, मुंबई परिसरात आज पुन्हा एकाहून जास्त कॅथलिक बिशप आहेत. 1988 मध्ये केरळातल्या सिरो-मलबार परंपरेच्या लोकांसाठी कल्याणला वेगळा धर्मप्रांत झाला. त्यांची उपासनापद्धती निराळी, पोप तोच. इथे वाटणी हद्दीने न होता परंपरेने झाली आहे, आणि कोण कुणाचा हे आधीच लिहून ठेवलेलं आहे. माहीममध्ये नेमकी तीच गोष्ट नव्हती.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांचं चित्र वेगळं. अँग्लिकनांचा मुंबई धर्मप्रांत 1837चा. पण 1813 मध्ये मुंबईत उतरलेल्या आणि पुढे अहमदनगर गाठलेल्या अमेरिकन मराठी मिशनला बिशपच मान्य नव्हता. प्रत्येक मंडळी आपला कारभार आपण पाहणार, आणि पाळक मंडळीला जबाबदार. रेव्हरंड नारायण वामन टिळक त्याच परंपरेतले. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला या वेगवेगळ्या मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा बिशप हवा म्हणणारे आणि नको म्हणणारे एकाच छताखाली आले. तोडगा असा की बिशप असेल, पण चर्चच्या घटनेने बांधलेला. त्यांच्याकडे पाळकाला अधिकृत शब्द ‘प्रेस्बिटर’ म्हणजे वडील, आणि त्या पदावर स्त्रियाही असतात.

राहता राहिला जेवतानाचा तो वाद, आर्चबिशप मोठा की कार्डिनल. बिशप 75 वर्षांचा झाला की त्याने पोपकडे राजीनामा पाठवायचा असतो. तो लगेच स्वीकारला जाईलच असं नाही. कधी आधीच वारस म्हणून एक बिशप जोडीला देतात. मुंबईत नोव्हेंबर 2024 मध्ये जॉन रॉड्रिग्स यांना असंच नेमलं आणि 25 जानेवारी 2025 रोजी ओस्वाल्ड ग्रेशस निवृत्त होताच ते आर्चबिशप झाले. ओस्वाल्ड ग्रेशस यांचं कार्डिनलपद मात्र तसंच राहिलं, कारण ते मुंबईच्या गादीला चिकटलेलं नसतं. कार्डिनल म्हणजे मुळात रोमच्या धर्मगुरुवर्गातला मानकरी, म्हणून जवळजवळ प्रत्येकाच्या नावे रोममधलं एक चर्च लावतात. 1059 पासून पोप निवडण्यात त्यांचा शब्द मुख्य असतो, आणि वयाची ऐंशी पुरी झालेल्यांना आता मत नसतं. मे 2025 मध्ये पोपच्या निवडणुकीची दारं बंद झाली तेव्हा गोव्याचे आर्चबिशप कार्डिनल फिलिप नेरी फेर्रांव आत मत देत होते. ओस्वाल्ड ग्रेशस डिसेंबर 2024 मध्येच ऐंशीचे झाल्यामुळे बाहेर होते. आणि त्या वेळी मुंबईचा कारभार पाहणारे रॉड्रिग्स कार्डिनलच नव्हते, त्यामुळे त्यांच्या मताचा प्रश्नच नव्हता.